पद मुलाचे, भार आईचा : तळेगावच्या उमाबाई दाभाडे



बॉयलर पेटला, मोळी पडली, की आपल्या घराघरांत एकच बोलणे असते. टोळी कधी येणार, मुकादम उचल घेऊन पळाला तर नाही ना, स्लिप कधीची निघाली, पहिली उचल किती मिळणार! या धांदलीत नोव्हेंबरची २८ तारीख येते आणि निघून जाते. १७५३ साली या दिवशी आपल्या मावळातील एका मोठ्या घराची कर्ती बाई पुण्यात वारली. तिचे नाव उमाबाई खंडेराव दाभाडे.

तळेगावला 'दाभाडे' हे शेपूट का लागले, हे नव्या पिढीतील किती जणांना ठाऊक आहे कोण जाणे. आज तळेगाव म्हटले की कंपन्या आठवतात, लोणावळा म्हटले की चिक्की आठवते, आणि दोहोंच्या मधला मुलूख द्रुतगती मार्गावरून गाडीच्या काचेतून पाहायचा असतो. पण एके काळी याच गावातल्या एका वाड्यावरून गुजरातच्या वसुलीचा हिशेब चालत होता, आणि काही वर्षे तो हिशेब एका विधवा बाईच्या हाती होता.

उमाबाईंवर जे लिहिले-बोलले जाते त्यात तलवार फार आणि बाई थोडी असते. घोड्यावर बसल्या, लढाई मारली, सोन्याचे तोडे मिळाले, इथे गोष्ट संपते. आम्हाला या अंकात त्यांची आठवण वेगळ्या अंगाने करायची आहे. बायको, आई आणि आजी म्हणून त्या कशा जगल्या, घर त्यांनी कसे तोलून धरले, आणि शेवटी ते कोठे उसवले, हे पाहायचे आहे. कारण ही गोष्ट आपल्या शेतकरी घरांपासून वाटते तितकी लांबची नाही.

अभोण्याची लेक, तळेगावची सून

उमाबाई मूळच्या नाशिककडच्या. कळवण भागातील अभोणे येथील ठोके देशमुखांच्या घरातील त्या लेक. सप्तशृंगीचा गड त्या मुलखातला. गडावर जायला सुमारे पावणेपाचशे पायऱ्या उमाबाईंनी बांधून दिल्या, आणि त्या १७१० च्या सुमारासच्या सांगतात. मोटाररस्ता होण्यापूर्वी देवीला जाणाऱ्या माणसाचा पाय याच पायऱ्यांवर पडत असे. माहेरच्या देवीला सासरच्या पैशाने पायऱ्या बांधणारी सून ही त्या काळी काय, आजही घरात वजन असल्याशिवाय होत नाही!

सासर दाभाड्यांचे. हे घराणे तळेगावचे. छत्रपती राजाराम महाराज मोगलांच्या वेढ्यातून निसटून १६८९ साली जिंजीकडे गेले, तेव्हा त्या जिवावरच्या प्रवासात दाभाड्यांच्या घरची माणसे बरोबर होती. पुढे खंडेराव दाभाडे नावारूपाला आले. गुजरात आणि खानदेशात त्यांच्या फौजा फिरू लागल्या, सुरत-बऱ्हाणपूरची वाट त्यांनी मोगलांना अवघड करून टाकली. १७१७ साली शाहू महाराजांनी त्यांना सेनापतिपद दिले. मावळातल्या पाटलाच्या घरातील माणूस मराठ्यांच्या सगळ्या फौजेचा धनी झाला.

आता सेनापतीची बायको म्हणजे काय, याचा जरा विचार करावा. दसऱ्याला शिलंगण झाले की फौज बाहेर पडायची ती पावसाच्या तोंडावर परतायची. वर्षाचे सात-आठ महिने घरधनी मुलखावर. मागे वाडा, मुलेबाळे, शेतीवाडी, आल्या-गेल्याचे जेवणखाण, शिपायांच्या घरची अडीअडचण. ज्याचा नवरा लढाईत पडला त्याच्या बायकोने येऊन पदर पसरायचा तो धनिणीपुढे. लेकी-सुनांची लग्ने जुळवायची, रुसलेल्या सरदाराची समजूत काढायची. या कामाची नोंद कुठल्या दप्तरात होत नाही. पण ते झाले नाही तर दप्तरात लिहायला काही उरत नाही.

घराच्या आसऱ्याने वाढलेली माणसे

दाभाड्यांच्या आसऱ्याने किती माणसे वाढली याचे एकच उदाहरण देतो. बडोद्याचे गायकवाड मूळचे आपल्याच जिल्ह्यातील, खेड तालुक्यातील दावडीचे. दमाजी गायकवाड हे खंडेरावांच्या फौजेतले. १७२० च्या बाळापूरच्या लढाईत त्यांनी तलवार गाजवली आणि त्यांना 'समशेर बहादूर' हा किताब मिळाला. त्यांचे पुतणे पिलाजी यांनी गुजरातच्या सीमेवर सोनगडला ठाणे घातले आणि दाभाड्यांच्या वतीने वसूल गोळा करू लागले. बडोद्याचे राज्य १९४९ साली विलीन झाले, तोवर ते गायकवाडांकडे होते. त्या राज्याची पहिली मुळी तळेगावच्या वाड्याच्या आवारात रुजली होती.

वसूल म्हणजे चौथाई आणि सरदेशमुखी. चौथाई म्हणजे मुलखाच्या वसुलीचा चौथा हिस्सा, आणि सरदेशमुखी म्हणजे त्यावर दहावा. शंभरातले पस्तीस! गुजरात हा व्यापाराचा, बंदरांचा, कापूस-निळीचा प्रांत. तेथल्या शंभरातल्या पस्तिसावर ज्याचा हक्क, त्याच्याकडे सगळ्यांचे डोळे लागणार हे उघडच होते. पुढची सगळी भांडणे या पस्तिसांवरून झाली.

याच घराने श्रावणात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटण्याचा प्रघात तळेगावी पाडला. लांबलांबचे शास्त्री-पंडित त्यासाठी इंद्रायणीकाठी येत. दाभाड्यांचे दिवस फिरल्यावर ही दक्षिणा पेशव्यांनी पुण्यास चालू ठेवली. पेशवाई गेल्यावर त्याच दक्षिणेच्या पैशातून इंग्रजांनी १८२१ मध्ये पुण्यात संस्कृत पाठशाळा काढली आणि तिचेच पुढे डेक्कन कॉलेज झाले. तळेगावच्या वाड्यातून निघालेली दानाची धार अशी कोठल्या कोठे गेली.

डभईचा घाव

खंडेराव १७२९ साली गेले. उमाबाईंच्या कपाळीचे कुंकू गेले, पण घर उभे होते. थोरला मुलगा त्र्यंबकराव कर्ता होता. त्याला सेनापतिपद मिळाले. यशवंतराव आणि बाबूराव ही धाकटी दोन्ही लहान होती.

येथे बाजीराव पेशव्यांशी तेढ आली. गुजरात हा दाभाड्यांचा प्रांत. तेथे मोगल सुभेदाराकडून पेशव्यांनी आपल्या नावे चौथाईचा करार करून घेतला. त्र्यंबकरावांना ते आपल्या ताटातला घास उचलल्यासारखे वाटले. त्यांनी निजामाशी संधान बांधले, गायकवाड, कदम बांडे, पवार बरोबर घेतले आणि फौज उभी केली. १ एप्रिल १७३१ रोजी गुजरातेत डभईजवळ दोन्ही मराठी फौजा एकमेकींवर पडल्या. त्र्यंबकराव हत्तीवरून लढत असता गोळी लागून ठार झाले. मराठ्यांचा सेनापती मराठ्यांच्याच लढाईत गेला.

कोण बरोबर, कोण चूक, यावर इतिहासकारांनी पुष्कळ शाई खर्च केली आहे. आपण तळेगावच्या वाड्यात काय झाले असेल ते पाहू. नवरा जाऊन दोन वर्षे होतात न होतात तोच तरणाबांड मुलगा गेला, तोही परक्याच्या हातून नव्हे. विधवा सून घरात, दोन पोरे लहान, आणि दारात हजारो शिपाई, ज्यांना पुढे काय हे विचारायचे आहे.

शाहू महाराज समेटासाठी झटले. या समेटाची एक हकिगत परंपरेने सांगत आले आहेत. महाराज बाजीरावांना घेऊन स्वतः तळेगावी आले, उमाबाईंच्या हाती तलवार दिली आणि मुलाचा सूड घ्यायचा तर हा पेशवा समोर आहे, असे म्हणाले. बाजीरावांनी मान खाली घातली. उमाबाईंनी तलवार चालवली नाही. हकिगत अक्षरशः अशीच घडली की बखरकाराने रंगवली, हा भाग वेगळा. पण मावळातल्या पिढ्यान्‌पिढ्यांनी ती जपून ठेवली यालाच अर्थ आहे. मुलाचा सूड घेतला असता तर उरलेल्या दोन मुलांचे काय झाले असते, हे त्या माऊलीला कळत होते. आपल्याकडे बांधावरच्या भांडणात कोयता उचलला जातो तेव्हा तो खाली ठेवायला लावणारी बहुधा घरची म्हातारीच असते. त्याला कोणी भित्रेपणा म्हणत नाही.

समेट झाला तो असा. गुजरात दाभाड्यांकडे राहायचा, पण वसुलाचा अर्धा भाग पेशव्यांच्या मार्फत सरकारात भरायचा. सेनापतिपद दुसरा मुलगा यशवंतराव याला द्यायचे. यशवंतराव अजून पोरसवदा होते, तेव्हा कारभार आईने पाहायचा.

वाचकांनी येथे थांबून नीट पाहावे. शिक्का मुलाचा, वस्त्रे मुलाला, कागदावर नाव मुलाचे. आणि फौज कोणी पोसायची, सरदार कोणी धरून ठेवायचे, वसूल कोणी आणायचा, छत्रपतींना आणि पेशव्यांना उत्तर कोणी द्यायचे? तर उमाबाईंनी! आज लोक त्यांना 'सरसेनापती उमाबाई' म्हणतात आणि मराठ्यांच्या इतिहासातील एकमेव स्त्री सेनापती म्हणून गौरवतात. तो मान लोकांच्या तोंडाने दिलेला आहे, आणि तो खरा आहे. कागदाने मात्र पद मुलालाच दिले होते.

अहमदाबादची स्वारी

वर्ष उलटते तोच दुसरा घाव बसला. मारवाडचा राजा अभयसिंग मोगलांतर्फे गुजरातचा सुभेदार होता. त्याने बोलणी करण्याच्या मिषाने माणसे पाठवून एप्रिल १७३२ मध्ये डाकोर येथे पिलाजी गायकवाडांचा खून करवला. गुजरातेतला दाभाड्यांचा उजवा हात तुटला. बडोदेही हातचे गेले. घरात कर्ता पुरुष नाही, आता या बाईच्याने काय व्हायचे, असाच हिशेब अभयसिंगाने केला असावा.

उमाबाईंनी तो हिशेब खोटा ठरवला. पिलाजींचे चिरंजीव दमाजी आणि कंठाजी कदम बांडे यांना बरोबर घेऊन १७३३ च्या सुरुवातीस त्या स्वतः मोठी फौज घेऊन अहमदाबादवर चालून गेल्या. अखेर अभयसिंगाने तह केला. चौथाई व सरदेशमुखी मान्य केली आणि अहमदाबादच्या उत्पन्नातून वर आणखी ८०,००० रुपये देण्याचे कबूल केले. पुढच्याच वर्षी बडोदेही गायकवाडांनी परत घेतले.

या स्वारीवर खूश होऊन शाहू महाराजांनी उमाबाईंच्या पायात सोन्याचे तोडे घातले, अशी हकिगत मावळात सांगतात. सोने पायात घालायचे नाही ही आपली रीत, तो मान राजघराण्याचा. विधवेच्या अंगावरचे दागिने उतरवण्याच्या त्या काळात एका विधवेच्या पायात सोने घातले गेले, ही गोष्ट लोकांच्या लक्षात राहावी यात नवल नाही.

पण आमच्या मते या स्वारीतली मोठी गोष्ट वेगळीच आहे. बाप मारला गेलेला दमाजी त्या वेळी दुसऱ्या कोणाकडेही जाऊ शकला असता. तो उमाबाईंच्या मागे उभा राहिला. फौज पैशाने गोळा होते, पण पडत्या काळात टिकते ती धन्याच्या शब्दावर. उमाबाईंचा शब्द तेवढा भरवशाचा होता.

थकलेले खांदे आणि आळंदीची भेट

पुढची पंधरा-सोळा वर्षे उमाबाईंनी घर ओढले. यशवंतराव मोठे झाले, पण बापाचा वकूब त्यांच्यात उतरला नाही. व्यसनाने त्यांना घेरले, कारभारात लक्ष लागेना. गुजरातेत खरी सत्ता हळूहळू दमाजी गायकवाडांच्या हाती गेली. ठरलेला अर्धा वसूल पेशव्यांकडे जातच नव्हता. शाहू महाराज हयात होते तोवर हे प्रकरण झाकलेले राहिले.

१५ डिसेंबर १७४९ रोजी शाहू महाराज गेले आणि पांघरूण निघाले. नानासाहेब पेशव्यांवर कर्जाचा डोंगर होता. त्यांनी दाभाड्यांकडे गुजरातचा अर्धा हिस्सा मागितला. उमाबाईंनी आधी कारभारी पाठवून रदबदली केली. ती फळली नाही. मग त्या स्वतः निघाल्या. नोव्हेंबर १७५० मध्ये आळंदीस त्यांनी नानासाहेबांची गाठ घेतली.

इंद्रायणी लोणावळ्याजवळ कुरवंड्याच्या डोंगरात उगवते, मावळ भिजवीत इंदुरीच्या दाभाड्यांच्या गढीखालून वाहते आणि देहूवरून आळंदीस जाते. त्याच नदीच्या काठाने, आयुष्यात सारे पाहून झालेली ही बाई आपल्या घराचा हक्क मागायला गेली. बाजू मांडायला मुलाला पुढे केले नाही. त्यांचे म्हणणे सरळ होते. वाटणीचा तो करार आमच्यावर बळजबरीने लादलेला आहे, तो आम्हाला बांधत नाही.

पेशव्यांनी ऐकले नाही. त्यांचीही बाजू होती. ठरलेला पैसा वर्षानुवर्षे थकलेला होता आणि राज्य चालवायला पैसा लागतो. थकबाकीदाराला संस्था काय म्हणते हे आपल्यालाही ठाऊक आहे. पण करार करताना समोरच्याच्या मानेवर सुरी होती की नव्हती, हा प्रश्नही खोटा नव्हता. दोन्ही बाजूंनी थोडे थोडे सोडले असते तर पुढचे टळले असते.

लोहगडाची सावली

साताऱ्यास त्या वेळी आणखी एक म्हातारी पेटून उठली होती. महाराणी ताराबाई. त्यांनी त्याच नोव्हेंबरात, आपला नातू म्हणून गादीवर बसवलेल्या रामराजाला साताऱ्याच्या किल्ल्यात अटकेत ठेवले आणि पेशव्यांविरुद्ध हाक दिली. उमाबाईंनी त्यांना साथ दिली. दमाजी गायकवाड १५,००० फौज घेऊन साताऱ्याकडे चालून आले. सुरुवातीस त्यांनी साताऱ्याच्या उत्तरेस निंब येथे पेशव्यांच्या फौजेला मागे रेटले, पण मार्च १७५१ मध्ये वेण्णेच्या काठी डाव उलटला. नानासाहेब स्वतः येऊन पोहोचले. ३० एप्रिलला गायकवाडांच्या छावणीवर छापा पडला आणि दमाजी कैद झाले. बोलणी चालू असता दगा झाला म्हणून दमाजींनी पुढे पेशव्यांना कधी उजव्या हाताने मुजरा केला नाही, डाव्याच हाताने केला, असे सांगतात.

लवकरच उमाबाई आणि दाभाड्यांची मंडळीही पकडली गेली. जहागिरी जप्त झाल्या, सेनापतिपद काढून घेतले. दमाजींची रवानगी लोहगडावर झाली.

लोणावळ्याला जाता-येता आपण लोहगड पाहतो. मळवलीला उतरून आपली पोरे पावसाळ्यात तेथे हुंदडायला जातात, विंचूकाट्यावर उभे राहून फोटो काढतात. एका बाजूला इंद्रायणीचे खोरे, दुसऱ्या बाजूला पवनेचे. दाभाड्यांच्या आपल्या मावळातला हा किल्ला, आणि त्यात त्यांच्याच घरचा सर्वांत मोठा सरदार बंदिवान! दैव फिरले की घरचे दारही तुरुंगाचे होते, ते असे.

१७५२ साली दमाजी सुटले ते स्वतःपुरता करार करून. गुजरातचा अर्धा भाग पेशव्यांना, मागील बाकीपोटी १५ लाख रुपये आणि दरसाल सव्वापाच लाख. दाभाड्यांच्या पोटगीची तजवीज त्या कराराच्या एका कलमात झाली. ज्या घराचे गायकवाड चाकर, त्याच घराच्या भाकरीचे कलम आता गायकवाडांच्या करारात आले. दमाजींना दोष देणे सोपे आहे, पण त्यांनीही आपले घर वाचवले. जिंकलेल्या दोघांनी गुजरात वाटून घेतला आणि जिचे घर ती बाई मधल्यामध्ये राहिली.

आजी

उमाबाई त्यानंतर फार जगल्या नाहीत. २८ नोव्हेंबर १७५३ रोजी त्यांनी देह ठेवला. पुढच्याच वर्षी यशवंतरावही वारले. सेनापतिपद नावापुरते नातवाकडे आले. या नातवाचे नाव त्र्यंबकराव!

डभईला पडलेल्या लेकाचे नाव नातवाला ठेवलेले. आपल्या घरांतही हेच चालते. गेलेल्या माणसाचे नाव पाळण्यात परत येते आणि म्हातारी त्या नावाने हाक मारताना क्षणभर थांबते. या आजीने नातवाला दिले काय? मुलूख गेला होता, फौज गेली होती. राहिले ते नाव, गाव आणि घर. आज पावणेतीनशे वर्षांनी गुजरातची चौथाई कोणाकडेच नाही. दाभाड्यांचे तळेगाव मात्र जागच्या जागी आहे. इंदुरीच्या गढीत कडजाईला आजही दिवा लागतो. सप्तशृंगीच्या पायऱ्या उभ्या आहेत. घर जिने धरले तिची कमाई बहुधा अशीच मागे उरते.

आपल्या घरांतील उमाबाई

आता थोडे आपले. मावळ, मुळशी, खेड, कुठल्याही शिवारात जाऊन पाहा. लावणीला बेणे सोलणारी बाई. भांगलणीला बाई. गुरांचे वाढे आणणारी बाई. नवरा अकाली गेला तर पोरे शाळेत ठेवून, सोसायटीचे पीककर्ज फेडून, उसाची नोंद वेळेवर करून, शेतकी खात्याच्या गट ऑफिसात चार हेलपाटे घालून घर उभे ठेवणारीही बाईच. अशी एकही माऊली ज्या गावात नाही असे गाव आमच्या पाहण्यात नाही. तिचे नाव मात्र सातबाऱ्यावर नसते, आणि शेअर दाखल्यावरही नसते. मुलगा सज्ञान झाला की ऊस त्याच्या नावे जातो आणि वार्षिक सभेला तोच येतो. पद मुलाचे, भार आईचा!

अडीचशे-तीनशे वर्षांपूर्वी कायदा तसा होता. आज तसा नाही. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने विधवेला मुलांच्या बरोबरीने वाटा दिला. महाराष्ट्राने १९९४ साली मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हक्क दिला, आणि २००५ साली तो सगळ्या देशात झाला. १९८६ मध्ये चांदवडला, म्हणजे उमाबाईंच्या माहेरच्याच जिल्ह्यात, शेतकरी संघटनेचे मोठे महिला अधिवेशन भरले. त्यानंतरच्या 'लक्ष्मीमुक्ती' मोहिमेत गावोगावच्या शेतकऱ्यांनी आपण होऊन बायकोच्या नावे जमिनीचा तुकडा करून दिला. सहकार कायद्याने संचालक मंडळावर महिलांसाठी दोन जागा राखून ठेवल्या आहेत. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर बापाच्या नावाआधी आईचे नाव लिहिले जाते. म्हणजे कागदाने आपली बाजू बदलली. आता आपल्या घरांची पाळी आहे.

कोणी म्हणेल, नावात काय आहे? घरची लक्ष्मी आहे, मान तर देतोच ना आपण? मान उमाबाईंनाही होता, अगदी पायात सोने घालण्याइतका. पण घराच्या पोटावर करार झाला तेव्हा तो त्यांच्या नावावर नव्हता. तो मोडायला त्यांना आळंदीस जाऊन बळजबरीची तक्रार करावी लागली आणि ती कोणी मनावर घेतली नाही. मान बोलण्यात असतो, हक्क कागदात असतो. बाईजवळ दोन्ही असले तर घर दोन पायांवर उभे राहते.

म्हणून आमचे सभासदांना सांगणे एवढेच. या हंगामात उसाचे बिल जमा होईल तेव्हा पेटीतला शेअर दाखला एकदा बाहेर काढावा. त्यावर कोणाचे नाव आहे आणि वारस म्हणून कोणाचे नाव नोंदवले आहे, ते पाहावे. नोंद केलीच नसेल तर कारखान्याच्या शेअर विभागात येऊन करून घ्यावी, आणि ती करताना घरधनिणीचा विचार पहिला करावा. ज्यांच्या घरी वडील जाऊन आई कारभार पाहते, त्यांनी वार्षिक सभेला तिलाही घेऊन यावे. तिला पुढच्या रांगेत बसवावे आणि बोलू द्यावे. हिशेब तिला कळतो, कारण तो इतकी वर्षे तिनेच सांभाळला आहे.

तळेगावच्या या माऊलीला आमचे विनम्र अभिवादन.